कृष्णाकाठचा कवड्या खंड्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आपल्यापैकी कित्येकींचे माहेर कऱ्हाडकडचे आणि सासर सांगलीचे. दोन्हीकडे कृष्णामाई एकच. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर तिला कोयना मिळते, हरिपूरला वारणा. तिच्या काठी मासे धरताना मी ज्याला पुष्कळदा पाहिले, त्या कवड्या खंड्याविषयी आज बोलणार आहे.

खंड्या म्हटला की विजेच्या तारेवर बसलेला, निळ्या पाठीचा, तांबड्या चोचीचा पक्षी आठवतो. तो टोळ, सरडेही खातो. म्हणून नदी सोडून शेतातही दिसतो. कवड्या निराळा. साळुंकीहून जरा मोठा, सारे अंग काळे-पांढरे, चोच लांब व काळी. नराच्या छातीवर काळे पट्टे दोन. मादीला एकच, तोही मध्ये तुटलेला. दागिन्यांची ही वाटणी कोणी केली, कोण जाणे!

पण खरी ओळख शिकारीत. तो पाण्यावर हवेतच पंख फडफडवीत एका जागी थांबतो, चोच खाली वळवितो आणि दगड पडावा तसा पडतो. काठी झाड नसले तरी त्याचे अडत नाही.

अडते ते घरासाठी. मळीच्या उभ्या दरडीत नर-मादी मिळून चार फुटांच्या आसपास बोगदा खणतात. टोकाच्या खोलीत पाच-सहा पांढरी अंडी असतात. पिलांचे पोट भरणे सोपे नाही. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरावर पाणी खवळलेले व मासे दूर. तेथे नात्यात नसलेले नरही पिलांना मासे आणून देतात आणि जोडपे त्यांना येऊ देते. नैवाशा सरोवरावर मासे जवळ मिळतात, तेथे अशांना हाकलून लावतात!

आपल्याकडे त्याची वीण मुख्यतः हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. वीटभट्ट्यांचा हंगामही तोच, आणि त्यांना लागते तीही मळीचीच माती. माझे घरही विटांचेच आहे, तेव्हा भट्टीला नावे ठेवीत नाही. मात्र आपल्या रानातली दरड खणायला देण्यापूर्वी घटकाभर समोर बसून पाहावे. बीळ रिकामे की भरलेले, हे पक्षीच सांगतो. स्वतःसाठी धरलेला मासा तो डोक्याकडून गिळतो. पिलांसाठी नेताना मात्र माशाचे डोके चोचीबाहेर पुढे ठेवतो, म्हणजे पिलाच्या घशात तो सरळ जातो. असा मासा घेऊन पक्षी दरडीत शिरताना दिसला, तर घरातल्या माणसांना सांगून तेवढी खणाई थांबवावी. अंड्यातून निघालेली पिले सुमारे चार आठवड्यांत उडून जातात.