कर्ण मोजून बघा



तालुक्यातल्या शिक्षक-पालकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही गणिताच्या एका निवृत्त शिक्षकाला दिलंत, याबद्दल मनापासून आभारी आहे. हायस्कूलच्या वयात पुस्तकाबरोबर हातातलं कामही शिकावं, हा आजचा विषय. या विषयावर मला जे म्हणायचं आहे ते मी एका भातखाचराच्या बांधावर शिकलो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आपल्या राजूर-कोतूळ-समशेरपूरकडच्या पश्चिम पट्ट्यातले वर्ग ओस पडतात. मुलं घरच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभी असतात आणि आपण हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजर लिहितो. एका वर्षी मी वर्गच बांधावर नेला. त्या खाचरात चारसूत्री पद्धतीने लावणी चालली होती. रोपांच्या दोन चुडांमध्ये उभं-आडवं आलटून पालटून 15 आणि 25 सेंटीमीटर अंतर ठेवायचं आणि जवळजवळच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी चिखलात खोचायची. गोळी साधारण 2.7 ग्रॅमची. नववीतला एक मुलगा तिथे होता. वर्गात गणिताला मान खाली घालून बसायचा, चाचणीत कधी दोन आकडी गुण नाहीत. मी विचारलं, तुमच्या दहा गुंठ्यांना गोळ्या किती लागतील रे? त्याने काडी घेतली आणि ओल्या मातीवर चौकोन काढला. म्हणाला, "सर, पंधरा आणि पंचवीस चाळीस. म्हणजे चाळीस बाय चाळीसला एक." मग गुंठ्याचे चौरस मीटर केले, भागाकार मांडला, एकदा चुकला, पायाने पुसला, परत मांडला. सहा हजार तीनशेच्या आसपास गोळ्या, सतरा किलो खत. वडील शेजारी उभे होते. ते म्हणाले, "मी तर पंचवीस किलो आणणार होतो."

त्या दिवशी मी घरी गेलो तो अस्वस्थ होऊन. मुलाला क्षेत्रफळ येत होतं. मी इतकी वर्षं त्याला फळ्यावरच्या अबकड चौकोनाचं क्षेत्रफळ विचारत होतो आणि त्या चौकोनात त्याचं काहीच नव्हतं.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आपल्या तालुक्याच्या. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावठी वाणांची बियाणं जपली, बीजबँक उभी केली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण शाळाशाळांतून त्यांचे सत्कार केले. ते योग्यच होतं. पण कुठल्या कणसाचं बी धरायचं, राखेत कसं ठेवायचं, कीड लागली हे कशावरून ओळखायचं, यासाठी आपल्या वेळापत्रकात आठवड्याला एक तरी तास आहे का? बाईंना हार घालून आपण मुलांना परत वर्गात बसवलं.

हातचं काम शाळेत आणणं महाराष्ट्रात कुणी केलंच नाही असं नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत शिकलेले, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन करणारे. ते सगळं सोडून 1983 साली ते शिरूर तालुक्यातल्या पाबळला येऊन राहिले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. पाबळ आपल्यापासून फार दूर नाही; मी दोनदा जाऊन आलो. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचं, अशी त्यांची मांडणी. लोखंड-लाकूड-बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती-पशुपालन, घर आणि आरोग्य, हे चारही विभाग प्रत्येकाने करायचे. मुलगा असो की मुलगी. शाळेच्या परीक्षेत त्याचा विषय झाला. पण मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. तिथे मुलं नमुने बनवून कपाटात ठेवत नाहीत. गावात ज्याला जे हवं ते करून देतात आणि त्याचे पैसे घेतात. काम बिघडलं तर गिऱ्हाईक दारात येतं. लाल शाईपेक्षा ते मुलाला लवकर शिकवतं.

आता एक कडू गोष्ट. मी नोकरी केलेल्या एका शाळेत कार्यशाळेची खोली होती. ड्रिल मशीन, पकडी, शेगडा, वेल्डिंगचा संच, सगळं आलं होतं. कारखान्यातून निघताना लावलेलं ग्रीस त्या हत्यारांवर सहा वर्षांनीही तसंच होतं. खोलीला कुलूप आणि किल्ली कार्यालयात, कारण वस्तू हरवली तर भरपाई कोण देणार? मी दोनदा किल्ली मागितली, दोनदा मला अर्ज लिहायला सांगितलं, आणि तिसऱ्यांदा मी मागितली नाही. ती माझी चूक. आजही तिची टोचणी आहे.

पालकांचं म्हणणंही आपण नीट ऐकलं पाहिजे. ठाकरवाडीतला बाप म्हणतो, "गुरुजी, आम्ही जन्मभर हातानेच केलं. पोराला तेच शिकवायचं तर शाळा कशाला?" त्या बापाला अडाणी म्हणू नका. नारायणगावच्या मजूर बाजारात उभं राहून त्याने पोराची फी भरली आहे. हुशार मुलांना विज्ञान शाखा आणि मागे पडलेल्यांना वर्कशॉप, ही वाटणी आपणच केली आणि ती जातीच्या, गरिबीच्या रेषेवरून गेली, हे त्याला आपल्यापेक्षा स्पष्ट दिसतं. 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी हातकामातून शिकवणारी नई तालीम मांडली. ती पुढे सर्वदूर रुजली नाही याची कारणं बरीच आहेत, पण मला हे कारण मोठं वाटतं: शहरातल्या शिकलेल्या घरांनी आपली मुलं तकलीपाशी बसवली नाहीत. म्हणून माझा आग्रह आहे की व्यवसायाचा विषय घ्यायचा तर वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीने आधी घ्यावा. तिने घेतला की बाकीच्यांच्या कपाळावरचा शिक्का पुसला जाईल.

सरकारी बाजू थोडक्यात सांगतो. 2025 सालापर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळावा, असं 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलं होतं. नववी-दहावीला व्यवसायाचा विषय घ्यायची सोय आहे. पण तो शिकवणारा माणूस कंत्राटावर. पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हे ज्याला माहीत नाही, तो पोरांना ऊस लावायला कसा सांगेल? ऊस तोडणीला यायला वर्ष लागतं.

आपल्याकडे शिकण्यासारखं काय आहे ते शोधायला लांब जावं लागत नाही. पॉवर टिलर बंद पडला तर संगमनेरच्या मेकॅनिकची वाट बघत आवणी खोळंबते. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला गर्दी लोटते, कळसूबाईला बारी गावातून माणसं चढतात. त्यांना राहायला-जेवायला घालणं, वाट दाखवणं, काजव्यांच्या झाडाजवळ बॅटरी न पेटवू देणं, हाही शिकायचाच व्यवसाय आहे.

दुपारच्या सत्रात ठराव येतील. त्यात माझ्या तीन ओळी घाला. तालुक्यातल्या प्रत्येक हायस्कूलमध्ये आठवड्यातला एक अख्खा दिवस कामाचा असावा. व्यवसाय शिक्षकाची नेमणूक कायम असावी. आणि कार्यशाळेतली वस्तू मोडली तर भरपाई शिक्षकाच्या पगारातून कापू नये. वापरात हत्यार मोडणारच.

शेवटी एक विनंती. मंडपाबाहेर उजव्या हाताला एक लोखंडी गव्हाण ठेवली आहे. दहावीच्या चार मुलींनी ती एका शेतकऱ्यासाठी केली आहे. अँगल, रॉड, वीज आणि मजुरी धरून बिलही त्यांनीच काढलं आहे. पहिल्यांदा चौकट जोडली तेव्हा दोन कर्णांत चार सुतांचा फरक आला, म्हणजे चौकट काटकोनात नव्हती. वेल्डिंगचे नुसते टाके मारले होते, म्हणून तोडता आले. मुलींनी ते तोडले, परत जुळवलं आणि कर्ण सारखे आल्यावरच पक्कं वेल्डिंग केलं. संध्याकाळी शेतकरी बैलगाडी घेऊन येणार आहे. त्याआधी जाऊन बघा. टेप तिथेच ठेवला आहे, कर्ण मोजून बघा.