गरोदर भगिनींची उदासी आणि सकाळचा उजेड

(महिला कर्मचारी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा यांवर आपण नेहमी बोलतो आणि आजही बोलणार आहोत. पण त्याआधी ज्या दुखण्यासाठी सिक मेमो मागायलाही बाई धजत नाही, त्याविषयी बोलू या. ते दुखणे म्हणजे गरोदरपणातील उदासी.

बाळंतपणानंतर बाई मनाने खचते, हे लोकांना थोडेफार पटू लागले आहे. पण मूल पोटात असतानाच रोज रडू येते, झोप उडते, अन्न नको होते, आपण काही कामाच्या नाही असे वाटत राहते, हे कोणी मानत नाही. "डोहाळे आहेत, होईल बरे," म्हणून विषय संपतो. आमच्याकडील एका बुकिंग क्लार्क भगिनीचे सहाव्या महिन्यात असेच झाले. लागोपाठ रात्रपाळ्या झाल्या, हिशेबात चूक निघाली आणि हातात खुलासा मागणारा मेमो पडला. आम्ही भेटायला गेलो तर साहेब म्हणाले, "गरोदरपण म्हणजे आजार नव्हे." बरोबर आहे, पण उदासी हा आजार आहे. ती दोन आठवडे टिकली तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

उपचारात समुपदेशन आहे, गरज पडल्यास औषधे आहेत. पण पोटातल्या बाळाच्या काळजीने अनेक भगिनी गोळी घ्यायला घाबरतात. म्हणून औषधाविना चालणाऱ्या उपायांचा शोध सुरू झाला. त्यातला एक प्रकाशोपचार. १९८४ साली अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या उदासीवर प्रखर उजेडाचा उपयोग होतो असे मांडले. पुढे तोच उपाय गरोदर स्त्रियांवर तपासला गेला.

यामागचे कारण सोपे आहे. डोळ्यावाटे गेलेला सकाळचा उजेड मेंदूतील घड्याळ लावतो. झोप, जाग, भूक यांचे वेळापत्रक त्यावर चालते. ते बिघडले की मनही बिघडते. या उपचारात सकाळी उठल्याबरोबर साधारण ७ ते १० हजार लक्सच्या दिव्यासमोर अर्धा ते एक तास बसायचे असते. दिव्याकडे टक लावायची नाही. वाचावे, चहा घ्यावा. घरातील ट्यूबलाइटचा उजेड काहीशे लक्स असतो. उघड्यावर मात्र ढगाळ दिवशीही बहुधा काही हजार लक्स मिळतात.

याचा गुण येतो का? स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या संशोधकांनी २७ गरोदर स्त्रियांवर केलेल्या ५ आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. प्रखर दिव्याच्या गटात सुमारे ८१ टक्के स्त्रियांना चांगला आराम पडला, तर मंद तांबड्या दिव्याच्या गटात सुमारे ४५ टक्के स्त्रियांना. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील ६७ स्त्रियांच्या चाचणीत प्रखर आणि मंद, दोन्ही गटांची उदासी सारखीच कमी झाली. म्हणजे उपाय आशेचा आहे, पण हमखास नाही. आपल्या माणसांना आपण अर्धी गोष्ट सांगायची नाही.

सावधगिरीही सांगतो. ज्यांना कधी उन्मादाचा झटका येऊन गेला आहे किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा वापरू नये. चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तो बिनपैशाचा आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

आता आपल्या खात्यांकडे वळू. जी भगिनी रात्रभर पॅनेलवर किंवा आरएमएसच्या सॉर्टिंगला असते आणि सकाळी पडदे ओढून झोपते, तिला सकाळचा उजेड कुठून मिळणार? तिचे घड्याळ रोस्टरने बिघडवले आहे. रोस्टर तसेच ठेवून टेबलावर दिवा आणून दिला तर तो उपचार ठरणार नाही.

२००८ साली केंद्रीय कर्मचाऱ्यांची प्रसूती रजा १३५ वरून १८० दिवस झाली. पण रजेवर जाईपर्यंतचे महिने ड्युटीवरच काढावे लागतात. म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. गरोदर भगिनीने अर्ज करताच तिला रात्रपाळीतून मोकळे करा. रेल्वे रुग्णालयात आणि सीजीएचएस दवाखान्यात रक्तदाबाबरोबर मनाचीही तपासणी करा. एडिंबरोची १० प्रश्नांची प्रश्नावली १९८७ पासून जगाला ठाऊक आहे आणि ती भरायला फार वेळ लागत नाही. आणि अशा भगिनीच्या हातून चूक झाली तर मेमोच्या आधी डॉक्टरांचे मत घ्या.

एक मागणी बंधूंकडे आहे. घरची गरोदर असेल तर सकाळी तिच्याबरोबर अर्धा तास बाहेर फिरायला जा. त्या वेळचा चहा तुम्ही करा. त्यासाठी कोणत्याही बोर्डाची मंजुरी लागत नाही.

शाखांनी हा विषय पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.

कामगार एकजुटीचा विजय असो!