गुटख्याची पुडी आणि कायद्याचे कलम



सार्वजनिक आरोग्याचे कायदे म्हटले की प्लेग, पटकी आठवतात. टपरीवर लोंबणारी गुटख्याच्या पुड्यांची माळ मात्र कुणाला साथ वाटत नव्हती. मुखकर्करोगाची ती साथच होती!

महाराष्ट्राने १ ऑगस्ट २००२ पासून गुटखा व पानमसाल्यावर पाच वर्षांची बंदी घातली. हेतू निर्मळ, पण आधार डळमळीत. अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली एवढा धोरणात्मक निर्णय राज्याच्या अन्न अधिकाऱ्याला घेता येत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती बंदी रद्द केली. उत्पादक जिंकले ते माल निरुपद्रवी ठरला म्हणून नव्हे, तर आदेश काढणारा हात चुकीचा होता म्हणून.

पुढे २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आला. त्याखालील २०११ च्या नियमांतील एका ओळीने बाजी पालटली : कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटिन घालता येणार नाही. २०१२ मध्ये मध्य प्रदेशाने प्रथम आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही गुटखा बंद केला.

व्यापारी बुद्धीही थांबली नाही. पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत. मिश्रण गिऱ्हाइकाच्या तळहातावर! नियमातील ‘घालणे’ या शब्दाला दिलेली ही बगल होती. म्हणून २०१३ मध्ये राज्याला सुगंधित तंबाखू आणि सुपारीही बंदीत ओढावी लागली.

त्यातही कलम ३० नुसार अन्नसुरक्षा आयुक्तांचा आदेश फार तर एक वर्ष टिकतो. दरवर्षी तो नव्याने काढावा लागतो.