विचारणाऱ्याची ओळख : स्वागताध्यक्षांचे भाषण



ज्या मुलुखाची राजधानी १९५६ पर्यंत नागपूर होती आणि राज्यांच्या सीमा बदलल्यावरही ज्याच्या अनेक घरांतून मराठी नांदत राहिली, त्या बालाघाट जिल्ह्यातील भरवेली या खाणगावी स्वागत समितीच्या वतीने मी या परिषदेस आलेल्या आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.

आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाणींत गणल्या जाणाऱ्या येथील खाणीत उतरणाऱ्याची हजेरीपटात नोंद होते, आणि ते उचितच आहे, कारण त्या नोंदीवर त्याच्या प्राणांचे रक्षण अवलंबून असते. परंतु बाजारातून जाणाऱ्याची हजेरी मांडण्याचा अधिकार कोणासही नसताना, आपल्या खिशातील मोबाइल ती परस्पर देत आला आहे.

जवळ वायफाय आहे काय, प्रिंटर आहे काय, असे तो आसमंतात पुकारून विचारतो. जुने फोन त्या पुकाऱ्यात यंत्राचा कायमचा क्रमांक आणि पूर्वी जोडलेल्या घरच्या, कचेरीच्या, लॉजच्या वायफायची नावेही उघड करीत. आयफोनने २०१४ पासून शोधाच्या वेळी आणि अँड्रॉइडने २०१९ पासून जोडणीच्या वेळीही क्रमांक बदलता ठेवण्याची तजवीज केली. तरी प्रिंटरसारख्या सेवा शोधण्याची, २०१३ मध्ये प्रमाणित झालेली एमडीएनएस पद्धती एकाच वायफायवरील सर्वांस यंत्राचे नाव सांगते, ज्यात पुष्कळदा धन्याचेही नाव असते, आणि उत्तर देणाऱ्याकडे दाखला मात्र मागत नाही. त्यामुळे तोतयाला दार मोकळेच राहते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यांतील न्यायमूर्ती शरद बोबडे हे नागपूरचे आणि पूर्वी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, ही या सीमाप्रदेशास अभिमानास्पद गोष्ट होय. न्यायालयाने मान्य केलेला हक्क यंत्राच्या रचनेत उतरवणे हे आता आपले कर्तव्य आहे. सेवेने आपली सत्यता सिद्ध करावी, विचारणाऱ्याने ती पटेपर्यंत अनाम राहावे, आणि सेवा देणाऱ्याचे नावही वाटसरूंस कळू नये, या परस्परांस अडवणाऱ्या गरजा इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजमालेतील आरएफसी ८८८२ या २०२० च्या दस्तऐवजात मांडल्या आहेत. त्यांचा मेळ घालणे दुष्कर असले तरी अशक्य नाही.

महाग फोन घेणाऱ्यास मिळणारे संरक्षण खाणकामगाराच्या स्वस्त फोनासही लाभावे, एवढीच मागणी या गावाच्या वतीने आपणापुढे ठेवून, अध्यक्षमहाराजांनी परिषदेचे कामकाज सुरू करावे, अशी मी त्यांस सादर विनंती करतो.