दुर्मिळतेचा कारखाना
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



कलेच्या बाजारातील एका प्रकाराकडे मी आज आपले लक्ष वेधणार आहे. विषय आपल्या कामापासून दूरचा वाटेल. परंतु मालमत्ता, श्रम आणि मोल यांचे नाते त्यात लख्ख दिसते.

संगणकावरील चित्राच्या हव्या तितक्या प्रती निघतात. मूळ आणि प्रत यांत तिळमात्र फरक नसतो. जे विनासायास वाढवता येते त्याला बाजारात भाव येत नाही. यावर तोडगा म्हणून 'एनएफटी' निघाली. ब्लॉकचेन ही असंख्य संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, मागाहून खाडाखोड करणे जवळजवळ अशक्य असलेली खातेवही. चित्र कोणीही पाहावे, उतरवून घ्यावे. मालक म्हणून वहीत नाव मात्र एकाचेच. मार्च २०२१ मध्ये क्रिस्टीज या लिलावसंस्थेने बीपल या अमेरिकी कलावंताची अशी कृती सुमारे ६ कोटी ९३ लाख डॉलरना विकली.

२०२२ मध्ये या बाजाराची उलाढाल कोसळली. त्याच सुमारास ही कला गॅलऱ्यांच्या भिंतींवर दिसू लागली. २०२३ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने अशा १८ कृती संग्रहात घेतल्या. सर्वांत बोलका प्रयोग लंडनच्या डेमियन हर्स्टचा. कागदावर रंगीत ठिपक्यांची १०,००० चित्रे. मालिकेचे नावच 'द करन्सी', म्हणजे चलन. एनएफटी प्रत्येकी २,००० डॉलरना विकल्या. खरेदीदाराने वर्षभरात ठरवायचे होते, कागद की एनएफटी. दुसरे नष्ट व्हायचे. ५,१४९ चित्रांसाठी कागद निवडला गेला, ४,८५१ साठी एनएफटी. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यूपोर्ट स्ट्रीट गॅलरीत हर्स्टने ती कागदी चित्रे लोकांसमक्ष जाळण्यास आरंभ केला. १९३० च्या दशकातील मंदीत भाव सावरण्यासाठी ब्राझीलने कॉफीची पोती जाळली होती. तेथे निदान पीक अतोनात आले होते. येथे टंचाई हाच माल होता.

या व्यवस्थेची एक बाजू मात्र न्यायाची होती. प्रत्येक पुनर्विक्रीत कलावंताला वाटा आपोआप मिळेल, असे आश्वासन तिने दिले होते. तरुण चित्रकार त्या आशेने तिकडे वळले, यात त्यांचा दोष नाही. पण तो वाटा खातेवहीच्या नियमापेक्षा बाजार चालवणाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून होता. ऑगस्ट २०२३ मध्ये ओपनसी या मोठ्या बाजाराने तो ऐच्छिक करण्याचे जाहीर केले. स्पर्धेत दलाली घटवण्याची वेळ आली, तेव्हा पहिली कात्री कलावंताच्या वाट्याला लागली.

यंत्राने हक्क मिळत नाहीत. ते कायद्याने आणि संघटनेने मिळतात. फ्रान्सने पुनर्विक्रीतील वाट्याचा हक्क १९२० मध्येच कायद्यात आणला. आपल्या कॉपीराइट कायद्यातही १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ आले: चित्र १०,००० रुपयांहून अधिक भावाने पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराला वाटा. हे कलम किती चित्रकारांना ठाऊक आहे? ते त्यांच्यापर्यंत पोहोचवणे आणि त्याच्या अंमलासाठी त्यांच्या संघटनांबरोबर उभे राहणे, हे काम आपल्याला आजच हाती घेता येईल.