आल्फोन्सचे घर



१९४४ साली फ्रान्सवर जर्मनांचा अंमल होता. दोस्तराष्ट्रांची विमाने पडत, वैमानिक हवाई छत्रीने शेतात उतरत. त्यांना आसरा देणाऱ्या पुरुषाला गोळी आणि बाईला छळछावणी, असे फर्मान जर्मनांनी १९४१ मध्येच काढले होते. धरून देणाऱ्याला बक्षीसही होते!

अशा दिवसांत ब्रिटनी प्रांतातल्या प्लुआ गावाजवळ, समुद्रापासून थोड्या अंतरावर, झां आणि मारी जिकेल हे नवराबायको राहत. ‘शेलबर्न’ नावाची गुप्त संघटना वैमानिकांना पॅरिसहून या भागात आणी. मग सगळे कान रेडिओकडे! ‘आल्फोन्सच्या घरी सगळ्यांना नमस्कार’ अशा अर्थाचे वाक्य बीबीसीवरून आले, की आज इंग्लंडहून बोट येणार हे कळे. हे आल्फोन्सचे घर म्हणजे जिकेल यांचेच घर. काळोखात पाहुणे तिथे जमत. मग वाटाडे त्यांना कड्यावरून खाली किनाऱ्यावर नेत. त्या जानेवारीपासून १०० हून अधिक वैमानिक असे सुटले.

२४ जुलै १९४४ रोजी जर्मनांनी ते घर जाळले. नवराबायको मात्र वाचली. आज तिथे स्मारक आहे.

शिक्षकबंधूंनो, महायुद्धाचा धडा शिकवताना सेनापतींची नावे आपण पाठ करून घेतोच. त्यांच्या जोडीला या घराचीही गोष्ट सांगा. अनोळखी माणसासाठी दार उघडायलाही छाती लागते, हे मुलांना कळू द्या.