माघारी येणारी मांजरा

आम्ही उदगीरच्या बचत गटाच्या मैत्रिणी बोलतोय. आजचा विषय कारखान्याच्या सांडपाण्याचा. तुम्ही म्हणाल, आपल्या खेड्यात कुठं आलेत कारखाने? म्हणूनच जरा ऐका.

आपली मांजरा बालाघाटच्या डोंगरात उगवते. लातूर जिल्ह्यातून बीदरकडं आणि मग तेलंगणात जाते. तिथं संगारेड्डीच्या भागात ती उत्तरेला वळते आणि देगलूर-बिलोलीच्या बाजूनं गोदावरीला मिळते. आपली लेंडीही तिलाच मिळते. म्हणजे सासरी गेलेल्या लेकीसारखी नदी माघारी येते.

तिच्या वाटेवर, हैदराबादजवळ पटनचेरू आहे. तिथं १९७० नंतर औषधांचे आणि रसायनांचे कारखाने वाढले. सांडपाणी नक्कावागू नावाच्या ओढ्यात गेलं आणि तो ओढा मांजरेला मिळतो. विहिरी, बोअर, शेतं नासली. १९९० साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. शेतकऱ्यांना भरपाई द्या, असे आदेश निघाले. पण नासलेली विहीर भरपाईनं गोडी होत नाही.

पुढं सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र झालं. त्यातून बाहेर पडणारं पाणी स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तपासलं आणि २००७ साली निष्कर्ष छापले. जंतुसंसर्गावर डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी देतात ना, ते औषध त्या पाण्यात दिवसाला सुमारे ४५ किलो जात होतं. ९० लाख लोकांच्या स्वीडन देशाला पाच दिवस पुरेल एवढं! आणि हे शुद्ध केलेलं पाणी. नंतर ते नळानं हैदराबादच्या केंद्राकडं वळवलं, तिथून पाणी मुसी नदीत जातं. एका नदीचं दुखणं दुसरीच्या पदरात.

यात आपलं काय जातं? औषधाच्या पाण्यात राहून जंतू निबर होतात. मग लेकरू आजारी पडलं की तीच गोळी लागू पडत नाही. असे जंतू गावाची शीव बघत नाहीत.

आणखी एक ध्यानात ठेवा. पाणी उकळलं की जंतू मरतात, रसायन जात नाही. तुरटीनं गाळ बसतो, विष नाही. पाण्याला फेस, रंग, उग्र वास आला किंवा मासे मेले, तर ते पिऊ नका, जनावरांनाही पाजू नका.

आपण काय करायचं? १९७४ च्या पाणी कायद्यानं प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय कारखान्याला सांडपाणी सोडता येत नाही. मंडळाचं कार्यालय लातूरला आहे. गटाच्या वहीत तारीख, वेळ, जागा, रंग, वास लिहा. मोबाईलवर फोटो काढा. ग्रामसभेत ठराव मांडा. अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. कर्जाचा हप्ता आपण पै-पैनं लिहितो, तसंच हेही लिहायचं. तोंडी तक्रार विरून जाते, कागद राहतो.

येत्या बैठकीत आपल्या ओढ्याचं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, एवढं तरी सगळ्याजणी मिळून शोधा.